ब्रॉडवेचं सुवर्णयुग कुलुपाबाहेर यायला हवं

31 मार्च 1943. ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, सेंट जेम्स थिएटरचा पडदा वर गेला, तेव्हा रंगमंचावर एक प्रौढ बाई एकटीच लोणी घुसळत बसली होती. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सुरुवातीलाच नाचणाऱ्या मुलींची रांग यायची. इथे तसं काहीच नव्हतं. विंगेतून एका गुराख्याच्या गाण्याचे सूर आले आणि मागोमाग तो गातच रंगमंचावर आला. नाटक होतं 'ओक्लाहोमा!', संगीत रिचर्ड रॉजर्स यांचं आणि शब्द ऑस्कर हॅमरस्टीन यांचे. अमेरिकी म्युझिकलचं, म्हणजे गाणी आणि नाचातून गोष्ट सांगणाऱ्या नाटकाचं, सुवर्णयुग इथून सुरू झालं असं बहुतेक अभ्यासक मानतात. ते 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकलं. त्या रात्री गुराख्याच्या भूमिकेत होते आल्फ्रेड ड्रेक.

ड्रेक यांनी पुढे 1948 मध्ये कोल पोर्टर यांच्या 'किस मी, केट'मध्ये नायक रंगवला आणि 1953 मध्ये 'किस्मत'मध्ये. म्हणजे दहा वर्षांत तीन मोठ्या म्युझिकलचे पहिले नायक तेच. या तिन्ही नाटकांवर हॉलिवूडने चित्रपट काढले आणि एकातही ड्रेक नाहीत. 'ओक्लाहोमा!'त गॉर्डन मॅक्रे आले, उरलेल्या दोन्हींत हॉवर्ड कील. दोघेही चांगले गायक होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ब्रॉडवेच्या प्रेक्षकांनी ज्याच्यासाठी तिकिटं काढली तो माणूस रंगमंचावर उभा कसा राहत असे, ओळ कशी फेकत असे, हे आज बघायचं तर कुठे बघायचं? त्याला मुख्यतः एकच उत्तर आहे. 20 नोव्हेंबर 1958 ला एनबीसी वाहिनीने 'किस मी, केट' टेलिव्हिजनवर केलं. मूळ नायक ड्रेक आणि मूळ नायिका पॅट्रिशिया मॉरिसन यांना दहा वर्षांनी त्याच भूमिकांत उभं केलं. जाहिराती धरून दीड तासात बसवण्यासाठी नाटक बरंच कापलं होतं. आज उरलंय ते धूसर, काळंपांढरं चित्रण. तरीही मी त्या भरजरी रंगीत चित्रपटापेक्षा हे चित्रण मोठा ऐवज मानतो, आणि ते सहज कुणालाही पाहता यायला हवं असं माझं म्हणणं आहे.

हे म्हणणं जरा सविस्तर मांडायला हवं, कारण 'ब्रॉडवेची ती नाटकं पाहायची तर चित्रपट आहेत की' असा सर्वसाधारण समज आहे. आपल्याकडच्या रसिकांनीही 'माय फेअर लेडी' पाहिली ती पडद्यावरच. पण पडद्यावरची लेडी रंगमंचावरची नव्हे. 15 मार्च 1956 ला हे नाटक ब्रॉडवेवर आलं तेव्हा नायिका एलायझा होती विशीतली ज्युली अँड्र्यूज. नाटकाचे 2,717 प्रयोग झाले. चित्रपट करताना निर्मात्यांना नाव असलेली तारका हवी होती, म्हणून 1964 च्या चित्रपटात ऑड्री हेपबर्न आली, आणि तिच्या तोंडची बहुतेक गाणी गायली मार्नी निक्सन या पार्श्वगायिकेने. याच मार्नी निक्सननी 1956 च्या 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा कर यांना आवाज दिला आणि 1961 च्या 'वेस्ट साइड स्टोरी'त नॅटली वुड यांना. सुवर्णयुगातल्या तीन निरनिराळ्या नायिका चित्रपटात एकाच आवाजात गातात, आणि तिघींपैकी एकीचाही आवाज तिला रंगमंचावर घडवणाऱ्या नटीचा नाही. रंगभूमीचा इतिहास चित्रपटांवरून सांगायला गेलं की तो असा बिघडतो.

इथे मराठी वाचकाला एक गोष्ट जवळची वाटेल. 'माय फेअर लेडी' आणि पु. ल. देशपांडे यांची 1975 ची 'ती फुलराणी' या दोन्हींचं मूळ शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये आहे. फुलराणी नंतर इतर गुणी नटींनीही केली. तरी ज्यांनी भक्ती बर्वे यांची फुलराणी पाहिली आहे, ते ती भूमिका त्यांच्यापासून वेगळी करायला तयार नसतात. संहिता छापलेली असते, चाली लिहून ठेवता येतात, पण ती बाई त्या वाक्याला श्वास कुठे घेत होती हे छापता येत नाही. एलायझा आणि ज्युली अँड्र्यूज यांचं नातं न्यूयॉर्ककरांसाठी नेमकं असंच होतं.

हॉलिवूडने सगळ्यांनाच डावललं असं नाही. 'द किंग अँड आय'मधल्या राजाच्या भूमिकेत युल ब्रिनर पडद्यावरही आले, रॉबर्ट प्रेस्टन 'द म्युझिक मॅन'मध्ये आले, आणि 'द पजामा गेम'मध्ये एक नायिका सोडली तर बहुतेक मूळ नटसंच चित्रपटातही आहे. पण जे राहून गेले त्यांची यादी काळजाला लागते. मेरी मार्टिन 'साउथ पॅसिफिक' आणि 'द साउंड ऑफ म्युझिक' दोन्हींच्या पहिल्या नायिका, आणि त्या दोन्ही चित्रपटांत नाहीत. एथेल मर्मननी 1959 मध्ये 'जिप्सी'तली आई उभी केली. अमेरिकी संगीत रंगभूमीवरची ही सर्वांत अवघड स्त्रीभूमिका असं मी मानतो. चित्रपट मात्र रोझलिंड रसेल यांना मिळाला. 1967 मध्ये पर्ल बेली आणि कॅब कॅलोवे यांच्यासह संपूर्ण कृष्णवर्णीय नटसंचाने 'हॅलो, डॉली!' नव्याने उचललं. त्याआधी कॅरल चॅनिंग यांनी ते गाजवलं होतं. 1969 मध्ये चित्रपट आला तेव्हा त्यात यांपैकी कुणी नव्हतं. तिथे बार्ब्रा स्ट्रायसँड होत्या.

मग हे लोक कुठे सापडतात? टेलिव्हिजनमध्ये. आणि तो योगायोग नव्हता, त्यामागे त्या शहराची रचना होती. अमेरिकी टेलिव्हिजन 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला बरंचसं न्यूयॉर्कमधून चाले आणि त्याच्या स्टुडिओंपैकी कित्येक जुनी नाट्यगृहंच होती. ब्रॉडवे आणि 53 व्या रस्त्याच्या नाक्यावरचा सीबीएस वाहिनीचा स्टुडिओ 50 हे मूळचं 1927 चं हॅमरस्टीन थिएटर. ऑस्कर हॅमरस्टीन यांच्या काकांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ ते बांधलं होतं. 1953 पासून तिथूनच एड सुलिव्हन यांचा विविधरंगी कार्यक्रम दर रविवारी रात्री आठ वाजता थेट प्रक्षेपित व्हायचा. कार्यक्रम एकूण चालला 1948 ते 1971, तब्बल 23 वर्षं. आणि रविवारी त्या काळात ब्रॉडवेवर बहुधा प्रयोग नसत. शनिवारी रात्री प्रयोग संपवलेला नटसंच रविवारी मोकळा असायचा. तालीम झालेली, पोशाख तयार, गाणं गळ्यात बसलेलं, आणि स्टुडिओ चार पावलांवर. सुलिव्हन यांना आयता कार्यक्रम मिळायचा, निर्मात्याला देशभर जाहिरात. म्हणून आज 1958 चे लॅरी कर्ट आणि कॅरल लॉरेन्स 'वेस्ट साइड स्टोरी'तलं प्रेमगीत गाताना आपण पाहू शकतो. चित्रपटात ही दोघं नाहीतच.

सुलिव्हन स्वतः मंचावर अवघडून उभे राहत, बोलताना अडखळत. पण ब्रॉडवेवर त्यांचं प्रेम होतं आणि ते त्यांनी वेळ देऊन दाखवलं. 9 फेब्रुवारी 1964 च्या ज्या कार्यक्रमात बीटल्स अमेरिकेत पहिल्यांदा थेट दिसले आणि सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांनी तो पाहिला, त्याच कार्यक्रमात 'ऑलिव्हर!' या म्युझिकलच्या नटसंचानेही आपली गाणी सादर केली होती. जुना आणि नवा लोकप्रिय संगीताचा काळ एकाच तासात, एकाच मंचावर. इतिहासकाराला याहून नेमका दस्तऐवज कुठला मिळणार?

आता मुख्य वादाकडे येतो. रंगभूमीच्या मंडळींना चित्रणाची नेहमी एक धास्ती असते: घरबसल्या दिसलं तर तिकीट कोण काढेल? ही धास्ती अमेरिकेत जितकी, तितकीच आपल्याकडेही आहे, आणि ती वाटणं स्वाभाविक आहे, कारण रोजच्या प्रयोगावर नटापासून डोअरकीपरपर्यंत सगळ्यांचं पोट असतं. पण सुवर्णयुगाची साक्ष काय सांगते? 'कॅमलॉट' डिसेंबर 1960 मध्ये मॅजेस्टिक थिएटरला लागलं. लर्नर आणि लो या गीतकार-संगीतकार जोडीचं 'माय फेअर लेडी'नंतरचं नाटक म्हणून अपेक्षा प्रचंड होत्या. समीक्षकांनी मात्र हात आखडता घेतला. नाटक फार लांबलचक होतं, दिग्दर्शक मॉस हार्ट नाटक ब्रॉडवेवर येण्याआधीच हृदयविकाराने आजारी पडले होते. आगाऊ विक्रीच्या जोरावर प्रयोग रेटले जात होते, पण पुढचं चित्र बरं नव्हतं. 19 मार्च 1961 ला सुलिव्हन यांनी लर्नर आणि लो यांच्या गौरवाचा कार्यक्रम केला आणि त्यात रिचर्ड बर्टन आणि ज्युली अँड्र्यूज यांनी 'कॅमलॉट'मधला मोठा भाग करून दाखवला. फुकट, घराघरात, नाटकाचा उत्तम ऐवज. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅजेस्टिकच्या तिकीट खिडकीवर रांग लागली. नाटक 873 प्रयोगांपर्यंत गेलं.

'पीटर पॅन'ची गोष्ट याहून बोलकी आहे. जेरोम रॉबिन्स यांच्या दिग्दर्शनाखाली मेरी मार्टिननी हे नाटक 1954-55 मध्ये विंटर गार्डनला केलं. प्रयोग झाले 152. ब्रॉडवेच्या हिशेबात हा आकडा छोटा. प्रयोग थांबल्यावर लगेच, 7 मार्च 1955 ला, एनबीसीने तेच नाटक तोच नटसंच घेऊन रंगीत आणि थेट दाखवलं. सुमारे साडेसहा कोटी लोकांनी पाहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा थेट केलं. 1960 मध्ये तिसऱ्यांदा केलं तेव्हा मात्र रंगीत व्हिडिओटेपवर उतरवून घेतलं, आणि ती टेप 1963, 1966, 1973 आणि 1989 मध्ये पुन्हा दाखवली गेली. मुलांच्या पिढ्या त्या टेपवर वाढल्या. 1979 मध्ये सँडी डंकनना घेऊन हेच 'पीटर पॅन' ब्रॉडवेवर परत आलं आणि 554 प्रयोग चाललं. मूळच्या तिपटीहून जास्त. या यशाचं सगळं श्रेय टेलिव्हिजनला देणं बरोबर नाही. पण घराघरात इतक्यांदा पाहून झाल्यावर ते नाटक रंगमंचावर मेलं नाही, एवढं तर सिद्ध होतं.

'सिंड्रेला'ने तर गंगाच उलटी वाहवली. रॉजर्स आणि हॅमरस्टीन यांनी ती खास टेलिव्हिजनसाठीच लिहिली. 31 मार्च 1957, रविवार. 'माय फेअर लेडी'चे प्रयोग चालू असलेली ज्युली अँड्र्यूज सुट्टीच्या दिवशी सीबीएसच्या स्टुडिओत सिंड्रेला म्हणून उभी राहिली. सगळं थेट, सगळं रंगीत, दहा कोटींहून अधिक प्रेक्षक. हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. दीड हजार खुर्च्यांचं थिएटर आठवड्याला आठ प्रयोग हाउसफुल्ल करत राहिलं, तरी दहा कोटी माणसं आत घ्यायला त्याला दीडशेहून अधिक वर्षं लागतील. ती एका संध्याकाळी झाली. आणि त्या 'सिंड्रेला'चा ब्रॉडवेवर प्रयोग झाला थेट 2013 मध्ये, जवळपास दोन वर्षं चालला. टेलिव्हिजनने रंगभूमीला एक नवं नाटक दिलं होतं, ते तिने छप्पन वर्षांनी घेतलं.

पण त्या रंगीत संध्याकाळीचं आज काय उरलं आहे? रंग उरलेला नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं घड्याळ तीन तास मागे, म्हणून तिकडे दाखवण्यासाठी टेलिव्हिजनच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्रण करत. त्याला किनेस्कोप म्हणत. 'सिंड्रेला'ची तीच काळीपांढरी फिल्म राहिली आणि 2004 मध्ये ती डीव्हीडीवर आली. 'पीटर पॅन'चे पहिले दोन्ही प्रयोग रंगीत होते आणि तेही किनेस्कोपवर काळेपांढरेच वाचले. अॅम्पेक्स कंपनीने 1956 मध्ये व्हिडिओटेपचं यंत्र आणल्यावर परिस्थिती सुधारायला हवी होती. झालं उलटंच. दोन इंच रुंदीच्या टेपचं तासाभराचं एक रीळ सुमारे 300 डॉलरचं, आणि त्या टेपचा गुण हा की ती पुसून पुन्हा वापरता यायची. हिशेब बघणाऱ्या माणसाला त्यावर काय चित्रित झालं आहे यापेक्षा टेप महाग वाटली. किनेस्कोपवर एकदा उमटलेलं पुसता येत नव्हतं, म्हणून कित्येकदा जुनं हलकं तंत्र टिकलं आणि नवं चांगलं तंत्र कोरं होऊन गेलं.

1967 चं 'ॲनी गेट युअर गन' घ्या. 1946 मध्ये एथेल मर्मननी ही भूमिका पहिल्यांदा केली. चित्रपट 1950 मध्ये बेटी हटनना घेऊन झाला. पहिल्या प्रयोगानंतर वीस वर्षांनी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटर या कलासंकुलाने नाटक पुन्हा उभं केलं, मर्मनना घेऊन, आणि अर्व्हिंग बर्लिन यांनी त्यासाठी एक नवं गाणंही लिहिलं. एनबीसीने ते मार्च 1967 मध्ये दाखवलं. त्या प्रक्षेपणाची पूर्ण टेप आज उपलब्ध नाही. तीस वर्षं ब्रॉडवे हलवून सोडलेल्या बाईची तिच्या हुकमी भूमिकेतली साक्ष चित्रितही झाली आणि हरवलीही. एखादी भूमिका चित्रितच झाली नाही, याचं दुःख वेगळं असतं. 'द किंग अँड आय'च्या पहिल्या नायिका गर्ट्रूड लॉरेन्स नाटक चालू असतानाच 1952 मध्ये गेल्या, त्यावर कुणाचाच इलाज नव्हता. पण हातात असलेलं घालवलं याला क्षमा नाही.

'सिंड्रेला'त परीमावशी झालेल्या एडी ॲडम्स यांनी 1996 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सुनावणीत साक्ष दिली. आपल्या दिवंगत पतीचे, विनोदकार एर्नी कोव्हॅक्स यांचे कार्यक्रम कसे पुसले गेले हे त्यांनी सांगितलं. बंद पडलेल्या ड्युमाँट वाहिनीच्या फिल्म 1970 च्या दशकात ट्रकमध्ये भरून न्यूयॉर्कच्या खाडीत बुडवल्याची हकीकतही त्यांनीच नोंदवली. त्या स्वतः ब्रॉडवेच्या नटी. 'वंडरफुल टाउन'मध्ये रोझलिंड रसेल यांच्या बरोबरीने त्यांनी काम केलं होतं, 'लिल ॲबनर'साठी ब्रॉडवेचं मानाचं टोनी पारितोषिक मिळवलं होतं. अशा बाईने आपल्या पिढीचं काम पाण्यात गेल्याचं सरकारी दप्तरात सांगावं लागणं, हे वाचताना मला संताप येतो.

या चित्रणांच्या उणिवांकडे डोळेझाक करून चालणार नाही. सुलिव्हन यांच्या मंचावर गाणं कार्यक्रमाच्या वेळात बसवायला छाटलं जायचं. नेपथ्य जुजबी असायचं. गाण्याआधीचा प्रसंग नसायचा, आणि चांगल्या म्युझिकलमध्ये गाणं प्रसंगातूनच उगवतं. कॅमेरा जवळ गेला की चेहरा दिसतो, पण पाय सुटतात. जेरोम रॉबिन्स किंवा ॲग्नेस डी मिल या नृत्यदिग्दर्शकांचा नाच म्हणजे पंधरावीस देहांनी मिळून रंगमंचावर काढलेली आकृती, ती अर्ध्या पडद्यात मावत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं ते म्हणतात, हे ते नव्हे. त्यांचं बरोबरच आहे.

तरीही नाचाच्याच बाबतीत मला ही चित्रणं सर्वांत मोलाची वाटतात. नाटकाचे संवाद पुस्तकात राहतात. संगीत स्वरलिपीत राहतं आणि तबकडीवरही राहतं. किंबहुना 'माय फेअर लेडी'चा निर्मितीखर्च सीबीएसने उचलला तो मूळ नटसंचाची तबकडी काढण्याचे हक्क मिळावेत म्हणूनच, आणि ती तबकडी लाखो घरांत पोचली. नाचासाठीही लिपी आहे, पण ती जाणणारे मोजके. नाच एका शरीराकडून दुसऱ्या शरीराकडे जातो आणि मधलं शरीर गेलं की तुटतो. अर्धवट का होईना, कॅमेऱ्याने तो धरला. आणि नाचापलीकडचंही बरंच धरलं. 15 जून 1953 ला फोर्ड कंपनीच्या पन्नाशीच्या कार्यक्रमात मेरी मार्टिन आणि एथेल मर्मन रिकाम्या मंचावर दोन स्टुलांवर बसून गाण्यांची मालिका गातात. रंगभूमीवरच्या दोन प्रतिस्पर्धी राण्या शेजारी बसून एकमेकींचा सूर सांभाळताना पाहायला मिळणं हे कुठल्याच पुस्तकातून मिळणारं नाही. संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन 1956 मध्ये 'ऑम्निबस' या टेलिव्हिजन कार्यक्रमात अमेरिकी म्युझिकलचा इतिहास गाऊन, वाजवून समजावतात आणि या कलेला आता तिचा मोझार्ट भेटायचा आहे असं सांगतात. वर्षभरात त्यांचीच 'वेस्ट साइड स्टोरी' रंगमंचावर येते. हे मी वाचूनही सांगू शकलो असतो. पाहिल्यावर मात्र त्या माणसाची घाई आणि त्याचा हुरूप कळतो.

'रंगभूमी क्षणभंगुर आहे, तिचं सौंदर्य त्यातच आहे' असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. तो मला पटत नाही. प्रयोग क्षणभंगुर आहे हे खरंच, चित्रणाने ते बदलत नाही. जे चित्रण आधीच झालं आहे ते लपवून ठेवल्याने प्रयोगाचं सौंदर्य वाढत नाही, फक्त ज्यांना न्यूयॉर्कला जाऊन महागडं तिकीट काढणं परवडलं त्यांचीच ती आठवण राहते. ओहायोतल्या शाळामास्तराला, लागोसमधल्या नृत्य शिकणाऱ्या मुलीला, पुण्यातल्या नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिच्यात वाटा नाही. या कलेने स्वतःला कायम लोकांची कला म्हणवून घेतलं आहे, तिला हे शोभत नाही.

दुसरा आक्षेप मी गंभीरपणे घेतो: कलावंतांचे हक्क. सुलिव्हनच्या एका तीन मिनिटांच्या गाण्यात संगीतकार, गीतकार, संहितालेखक, नृत्यदिग्दर्शक, गायक, वादकांची संघटना आणि चित्रणाचा मालक इतक्या जणांचा वाटा असतो. त्या वेळचे करार प्रक्षेपणापुरते होते. घरी बसून पुन्हा पुन्हा पाहता येईल ही कल्पनाच कुणी केली नव्हती. 1943 सालच्या रचनांवरचे हक्क अमेरिकेत 2038 संपेपर्यंत चालतात. या गुंत्यात पडण्यापेक्षा डबा बंद ठेवलेला बरा, असं मालकाला वाटतं. पण डबा बंद राहिला तर त्या नर्तकाच्या वारसाला मिळतं काय? काहीच नाही. मानधन थकवून प्रसिद्धी करा असं कुणीही म्हणत नाही. सुलिव्हन यांच्या कार्यक्रमाच्या संग्रहाचे मालक बदलले, त्यांनी ब्रॉडवेच्या गाण्यांची डीव्हीडी काढली, आज कित्येक गाणी त्यांच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर आहेत. म्हणजे वाट काढायची ठरवली तर निघते.

मोठं कुलूप दुसरीकडे आहे. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या लिंकन सेंटरमधल्या शाखेत 1970 मध्ये बेटी कॉर्विन यांनी रंगभूमीच्या प्रयोगांचं चित्रण जपणारा संग्रह सुरू केला. संघटनांची समजूत काढून, एकेक परवानगी मिळवून त्यांनी हे उभं केलं, त्यांचे उपकार मोठे आहेत. सुवर्णयुग त्याआधीच संपलं होतं, पण त्या युगातल्या नाटकांची पुनरुज्जीवनं आणि त्या पिढीचे उत्तरायुष्यातले प्रयोग तिथे आहेत. पाहायचे तर अभ्यासाचं किंवा व्यवसायाचं कारण सांगून, आधी वेळ ठरवून, त्या इमारतीतच बसून. प्रत मिळत नाही. 1970 मध्ये ही अट घातल्याशिवाय संघटनांनी कॅमेरा आत येऊ दिला नसता, तेव्हा ती योग्यच होती. पन्नास वर्षांनंतरही ती तशीच का? 'हॅमिल्टन' या अलीकडच्या म्युझिकलचं चित्रण जुलै 2020 मध्ये जगभर घरोघरी दिसलं आणि करोनानंतर ब्रॉडवे पुन्हा उघडल्यावर 'हॅमिल्टन'ला प्रेक्षकांचा तोटा पडला नाही. लंडनचं नॅशनल थिएटर 2009 पासून आपले प्रयोग चित्रपटगृहांत थेट दाखवतं आणि ते अजून उभं आहे. मग ज्याचे प्रयोग कधीच पुन्हा व्हायचे नाहीत, ज्याचे नट हयात नाहीत, अशा नाटकाच्या टेपने कुणाचा गल्ला बुडणार आहे?

माझी मागणी मोठी नाही. चित्रणाला ठरावीक वर्षं झाली, समजा तीस, की ते त्या एका इमारतीपुरतं राहू नये. निदान इतर शहरांतल्या सार्वजनिक आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांत, तिथल्या तिथे पाहण्याच्या अटीवर, ते पोचावं. जुन्या टेलिव्हिजन चित्रणांसाठी संघटना, वारस आणि वाहिन्यांनी मिळून एक सामायिक दर ठरवावा, म्हणजे दर वेळी सात जणांच्या सह्या गोळा करत बसावं लागणार नाही आणि पैसे ज्याचे त्याला मिळतील. ज्या वाहिन्यांनी सार्वजनिक ध्वनिलहरींवर या कार्यक्रमांतून साबण आणि मोटारी विकल्या, त्यांनी उरलेल्या टेपांच्या डिजिटल प्रतींचा खर्च उचलावा.

आणि हे लवकर व्हायला हवं. दोन इंची टेप वाचणारी यंत्रं बनणं केव्हाच थांबलं आहे. चालू स्थितीत मोजकीच राहिली आहेत, त्यांचे सुटे भाग एका यंत्रातून काढून दुसऱ्यात बसवावे लागतात, आणि ती जुळवून चालवू शकणारे तंत्रज्ञ आता वृद्ध झाले आहेत. मर्मन यांच्या 'ॲनी'ची टेप एखाद्या प्रायोजकाच्या गोदामात, एखाद्या जाहिरात कंपनीच्या जुन्या कपाटात चुकीचं लेबल लावून पडलेली असेलही. ती शोधायची तर ती वाचणारं यंत्र चालू आहे तोवरच शोधायला हवी.